रेताड माळरान: पेरणीआधी एवढं बघाच

उंचावरच्या रेताड रानातली ओली माती मुठीत घेऊन घट्ट आवळा. मूठ उघडताच गोळा विस्कटला आणि बोटांना चिकटपणा राहिला नाही, तर या हंगामाचा हिशेब भारी जमिनीसारखा मांडू नका.

या मातीचे कण मोठे, मधल्या पोकळ्याही मोठ्या. पाणी झटकन मुरतं, पण थांबत नाही. मीटरभर खोलीत पिकाला घेता येईल असं पाणी साधारण ६० ते ८० मि.मी.च राहतं, भारी जमिनीत ते १५० ते २०० पर्यंत जातं. मुळं फूटभर गेली असतील तर पिकाच्या हाताशी जेमतेम २० मि.मी. पाणी उरतं. रोजचा खर्च ५ मि.मी. धरा, चार दिवसांत पीक माना टाकणार. म्हणून पहिल्या सरीवर भुलून पेरू नका. सकाळी ओलं दिसलेलं रान तिसऱ्या दिवशी कोरडं पडतं आणि दुबार पेरणी माथी येते. कुदळीने खणून बघा, ओल वीतभर खाली गेलेली हवी. मग मात्र थांबू नका, कारण इथे वाफसा (पेरणीजोगी ओल) लवकर येतो आणि लवकर जातो. पेरणी उताराला आडवीच करा.

उघडीप पडली तर दर दोन-तीन दिवसांनी थोडं पाणी द्या. आठवड्याचं एकदम दिलेलं पाणी मुळांखाली निघून जातं, सोबत नत्रही नेतं. युरियाचेही तीन-चार हप्ते करा. पालाश, गंधक, जस्त बहुधा कमी असतात, पण माती परीक्षणाशिवाय टाकू नका. कुजलेलं शेणखत मात्र दरवर्षी हवंच. हवेशीर मातीत सेंद्रिय कर्ब भराभर संपतो. खरं सांगायचं तर या जमिनीला याहून मोठा आधार नाही.

बाजरी, मटकी, हुलगा, तीळ इथे तगतात. भुईमुगाला तर ही माती मानवतेच: आऱ्या (फुलातून जमिनीत उतरणारे, शेंग धरणारे देठ) सहज आत शिरतात, उपटताना शेंगा मागे राहत नाहीत. फुलोऱ्यात जिप्सम द्या, नाहीतर शेंगा पोचट राहतात. भाजीपाला घेत असाल तर सूत्रकृमींना (मुळांना लागणारे बारीक जंत) आवरायला पिकांची फेरपालट करा.

जास्त उताराचा तुकडा नांगरूच नका. तिथे गवत राखा, बोर किंवा सीताफळ लावा आणि पालापाचोळा झाडाखालीच पडू द्या.