हिवाळ्यात हीटरचा थर्मोस्टॅट लावताना या चुका टाळा

साताऱ्याची थंडी ही मुख्यतः रात्रीची थंडी आहे. डिसेंबर-जानेवारीत दुपारी राजपथावर अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात फिरणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी पहाटे कानटोपी शोधावी लागते. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे हीटरच्या थर्मोस्टॅटच्या, म्हणजे तापमान ठरवणाऱ्या नॉबच्या, बहुतेक चुका होतात. दिवसभर उन्हात तापलेला स्लॅब आणि भिंती रात्री नऊच्या सुमारासही ऊब देत असतात, आणि नेमके त्याच वेळी अंगाला जे वाटते त्यावरून नॉब फिरवला जातो. खरा गारठा मात्र पहाटे चारनंतर जाणवतो.

सर्वांत रूढ चूक म्हणजे खोली लवकर तापावी म्हणून नॉब शेवटच्या आकड्यापर्यंत नेणे. २००० वॉटचा हीटर चालू असताना नॉब २ वर असो वा ६ वर, तेवढीच उष्णता देतो. वॉट कमी-जास्त करण्याचे बटण वेगळे असते. थर्मोस्टॅट फक्त हीटरने कधी थांबायचे एवढेच ठरवतो. त्यामुळे नॉब शेवटाला नेल्याने खोली लवकर तापत नाही, उलट मध्यरात्री वाकळ लाथाडून खिडकी उघडण्याची वेळ येते आणि दर तासाला २ युनिट वीज जात राहते.

दुसरी गफलत आकड्यांची. तेल भरलेल्या विजेच्या हीटरवरील १ ते ६ हे आकडे अंश सेल्सिअस नव्हेत, आणि एका घरातला ३ दुसऱ्या घरात उपयोगी पडेलच असे नाही. त्यासाठी एक साधा भिंतीवरचा तापमापक हीटरपासून दूर, पलंगाच्या उंचीवर टांगावा. हीटर पूर्ण नॉबवर सुरू करावा आणि तापमापक हव्या त्या अंशावर आला की नॉब सावकाश मागे फिरवावा. जिथे ‘टक्’ असा आवाज येऊन दिवा विझतो, ती त्या खोलीची योग्य जागा. तिथे पेनाने खूण करून ठेवावी. हे काम संध्याकाळी न करता पहाटे केले, तर खूण अधिक भरवशाची ठरते.

हवे ते तापमान म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत थंड व समशीतोष्ण प्रदेशांतील घरांसाठी किमान १८ अंश सुचवले आहेत. अंगावर पांघरूण असताना निरोगी माणसाला तेवढे पुरते. आजी-आजोबा किंवा तान्हे बाळ असल्यास २० ते २१ ठेवणे मला योग्य वाटते. २५-२६ अंशांचा हट्ट मात्र व्यर्थ आहे, कारण हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता घटते आणि सकाळी घसा कोरडा पडतो.

खोली गार असतानाच हीटर बंद होत असेल, तर तो बहुधा पलंग, पडदा किंवा भिंतीला खेटून ठेवलेला असतो. थर्मोस्टॅटला स्वतःभोवती कोंडलेली गरम हवाच कळते. त्याला मोकळी जागा द्यावी, आणि त्यावर ओले कपडे तर कधीच वाळत घालू नयेत. उलट तो थांबतच नसेल, तर सरकत्या खिडकीची फट आणि दाराखालची पोकळी आधी पाहावी. दुपारी खिडक्या उघडून ऊन आत घ्यावे आणि सूर्यास्तापूर्वी त्या लावून टाकाव्यात. एवढ्यानेच हीटरचे काम बरेच हलके होते.

फक्त थंड करणारा एसी ३० अंशांवर लावून ऊब मिळेल, अशी समजूत अनेक घरांत आढळते. तो ३० वर लावला तरी गरम हवा देत नाही. त्यासाठी ‘हॉट अँड कोल्ड’ प्रकारचा एसीच लागतो, आणि तोही सुरू झाल्यावर काही मिनिटे पंखा थांबवून ठेवतो, हा बिघाड नव्हे.

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे ही सर्वांत घातक चूक आहे, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

राहता राहिला विजेचा प्रश्न. २००० वॉटचा हीटर सुमारे ८.७ अँपिअर वीज ओढतो, म्हणून तो ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नये. १६ अँपिअरचे सॉकेटच वापरावे. पहाटे गीझर लावताच एमसीबी (भार जास्त झाल्यास वीज तोडणारा स्विच) पडत असेल, तर थर्मोस्टॅटशी झटापट न करता आंघोळ आटोपेपर्यंत हीटर बंद ठेवावा.