मगरतोंड्याचा रंग का सुटला

रविवारी टेबलावर छोट्या मूर्ती मांडून खेळतो, त्या खेळासाठी मी सांगलीत घरीच एक मगरतोंड्या राक्षस बनवला. कृष्णेतल्या मगरी बघितलेल्या, त्यामुळे जबडा झकास जमला. आत तारेचा सांगाडा, वर दोन भागांची एपॉक्सी पुट्टी (दोन्ही भाग मळून एकत्र केले की कडक होते), उंची जेमतेम दोन इंच. पण दुसऱ्याच डावात पाठीवरचा हिरवा रंग पापुद्र्यासारखा सुटून मित्राच्या बोटाला चिकटून आला!

आधी रंगालाच शिव्या घातल्या. चूक माझी होती. पुट्टी बोटांना चिकटू नये म्हणून मी खोबरेल लावत होतो. तेलकट अंगावर ॲक्रिलिक रंग धरणार कसा?

सगळा रंग नखाने खरवडला. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून जुन्या टूथब्रशने खवल्यांच्या फटी घासल्या. रात्रभर वाळवून ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलकाच फिरवला. प्रायमर, म्हणजे रंग धरावा म्हणून आधी द्यायचा हात, ब्रशनेच लावला, कारण पावसाळी दमट हवेत स्प्रे कधीकधी खरबरीत बसतो. मग रंगाचे दोन पातळ हात, वर मॅट वार्निश.

आता बोटं साध्या पाण्याने ओली करतो, तीही जेमतेम. पाणी जास्त झालं तर पुट्टीचा वरचा थर खालच्याला धरत नाही. शेपूट मात्र वाकडीच राहिली. मुद्दाम केली असं सांगतो.