कपाटातला डिजिटल कॅमेरा: सेल तपासण्यापासून प्रिंट काढेपर्यंत

दिवाळीला कपाट आवरताना जुना छोटा डिजिटल कॅमेरा हाती लागतो. बटण दाबलं तर हूं नाही की चूं नाही, आणि घरातलं कोणीतरी लगेच निकाल देतं, "गेला तो!" इतकी घाई नको. पडून राहिलेल्या कॅमेऱ्याचं दुखणं बहुतेक वेळा बॅटरीत, तिच्या पट्ट्यांवर किंवा कार्डात असतं. तपासताना एक पथ्य मात्र पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला. बॅटरी, कार्ड आणि सेटिंग एकदम बदललं तर कॅमेरा चालू होईलही, पण बिघाड कुठे होता ते कळणार नाही.

आधी बॅटरी

चपटी लिथियम बॅटरी असेल तर ती टेबलावर ठेवून बोटाने फिरवा. भिंगरीसारखी फिरली तर समजा फुगली आहे. ती चार्जही करू नका, टोचूही नका, सरळ बदला. चांगली दिसत असेल तर पूर्ण चार्ज करून मल्टिमीटरवर बघा. ४.१ ते ४.२ व्होल्ट यायला हवेत. मल्टिमीटर गावात मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे किंवा मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे असतोच.

पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा असेल तर किराणा दुकानातले घड्याळाचे स्वस्त सेल त्यात घालू नका. लेन्स बाहेर काढायला आणि फ्लॅश चार्ज करायला जो करंट लागतो तो त्यांना झेपत नाही, आणि नव्या सेलवरही 'बॅटरी संपली' असं येतं. अल्कलाइन किंवा रिचार्जेबल सेल घ्या. रिचार्जेबलवर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं म्हणून बिचकू नका, कॅमेऱ्यात तेच जास्त टिकतात.

बॅटरी ठीक असूनही कॅमेरा गप्प असेल तर पितळी पट्ट्या पाहा. हिरवट-पांढरा थर दिसला तर आधी पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच घासा, मग कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. मोबाइलवाले त्याला 'आयपीए' म्हणतात. हाताचं सॅनिटायझर त्याऐवजी चालणार नाही, त्यात बऱ्याचदा ग्लिसरीन असतं आणि ते चिकट थर सोडतं.

तारीख दर वेळी पुसली जात असेल तर आतला छोटा सेल उतरला आहे. पुष्कळ मॉडेलांत तो मोठ्या बॅटरीवरच चार्ज होतो, म्हणून भरलेली बॅटरी एखादा दिवस आत राहू द्या.

मग कार्ड

'कार्ड लॉक' आलं तर कार्डाच्या कडेचं सरकतं बटण पाहा. 'कार्ड चालत नाही' आलं तर कार्ड किती जीबीचं आहे ते तपासा. साध्या एसडीची मजल २ जीबीपर्यंत, एसडीएचसीची ३२ जीबीपर्यंत, त्यापुढचं एसडीएक्ससी. २००५-०६ च्या आगेमागे घेतलेला कॅमेरा बहुधा फक्त साधं एसडी वाचतो. त्यात ६४ जीबीचं कार्ड घालून कॅमेऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

फोटो चुकून पुसले गेले तर त्या कार्डावर आणखी एकही फोटो काढू नका. फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्राम बरेच फोटो परत आणतो. आणि तालुक्याच्या स्टुडिओत किंवा सेतू केंद्रात कार्ड देण्याआधी ते लॉकचं बटण मुद्दाम लावा. बहुतेक कार्ड रीडर मग त्यावर काही लिहू देत नाहीत, त्यामुळे तिथल्या संगणकाचा व्हायरस कार्डावर बसत नाही.

लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकली तर

'लेन्स एरर' दिसली तरी आधी भरलेली बॅटरी घालून पाहा. कमी चार्जवरही लेन्स अशी अर्ध्यात थांबते. तरीही नाही सरकली तर आपली काळी माती संशयित नंबर एक. वावरातली बारीक धूळ आणि वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतू लेन्सच्या नळीच्या फटीत जाऊन बसतात. कॅमेरा तोंड खाली करून धरा आणि रबरी ब्लोअरने फटीभोवती हवा मारा. तोंडाने फुंकर नको, थुंकी उडते. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तर अजिबात नको, त्याच्या हवेत पाणी आणि तेल असतं. कागदाची पातळ पट्टी फटीतून अलगद फिरवता येईल. शिलाई मशीनचं तेल सोडलंत तर मात्र धुळीचा चिखल होईल.

स्क्रू उघडायचा मोह आवरा. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) बॅटरी काढल्यावरही सुमारे ३०० व्होल्ट राहू शकतात. ही दुरुस्ती जाणकाराचीच, आणि तिथेही आधी खर्च विचारा. सेकंडहँड कॅमेरा त्याहून स्वस्त मिळत असेल तर दुरुस्तीचा हट्ट कशाला?

फोटोतले डाग, रेघा आणि 'भुतं'

रात्रीच्या फोटोत हवेत तरंगणारे पांढरे गोल दिसतात आणि लोक त्याच्या कहाण्या करतात. बैलबंडी नुकतीच अंगणातून गेलेली असते, लेन्ससमोरची धूळ फ्लॅशच्या उजेडात चमकते, एवढंच ते भूत. फ्लॅश बंद करा, पळून जाईल.

सूर्य किंवा हॅलोजन चौकटीत आला की उभी जांभळट रेघ पडते. हा जुन्या सीसीडी प्रकारच्या सेन्सरचा (चित्र टिपणाऱ्या आतल्या चिपचा) स्वभाव आहे, बिघाड नव्हे. पण प्रत्येक फोटो जांभळा, ओरखडल्यासारखा किंवा पूर्ण काळा येत असेल तर सेन्सरच गेलेला असू शकतो. २००५ साली बऱ्याच कंपन्यांनी आपल्या काही जुन्या मॉडेलांबद्दल नेमकी हीच सूचना काढली होती. सेन्सर सोनीचे होते आणि उष्णतेने व दमटपणाने त्यांची आतली जोडणी सुटत होती.

आपल्याकडे हे लक्षात ठेवायलाच हवं. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत वापराचं तापमान साधारण ० ते ४० अंश लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. गाडीच्या डिक्कीत कॅमेरा ठेवू नका. कूलरच्या वाऱ्यातही नको, ती हवा ओली असते. पावसाळ्यात चामड्याच्या पाकिटातून काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, नाहीतर लेन्सवर बुरशी चढते.

सगळंच धूसर येत असेल तर फुलाचं चिन्ह चालू राहिलंय का बघा. त्यात जुना कॅमेरा लांबचं टिपू शकत नाही.

फोटो सुधारताना

छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर करंगळीच्या नखापेक्षाही लहान असतो. त्यामुळे काळोखातून तपशील उपसायला गेलं की दाणे (बारीक ठिपके) उठतात. म्हणून निम्मं काम फोटो काढतानाच उरकायचं.

कापसाचंच घ्या. बंडीभर पांढरा कापूस चौकटीत भरला की कॅमेरा त्याला राखाडी करतो, तेव्हा एक्स्पोजर (फोटोचा उजेड कमी-जास्त करायचं सेटिंग) +१ करा. पऱ्हाटीवरची फुटलेली बोंडं काळ्या मातीसमोर टिपताना उलट –०.७ करा, नाहीतर बोंडांतला तंतू न् तंतू पुसून नुसते पांढरे ठिपके उरतात. पांढरेफटक झालेले ठिपके कुठल्याच ॲपने परत येत नाहीत. दुपारी वेचणाऱ्या बाईचा चेहरा पदराच्या सावलीत काळा येतो, तिथे भर उन्हातही फ्लॅश लावा. दोन-अडीच मीटरवरून तो पुरतो.

घरी आल्यावर मूळ फोटोची प्रत करा आणि प्रतीवरच काम करा. जेपीजी पुन्हापुन्हा सेव्ह केला की दर वेळी थोडा खराब होतो. फोनवर स्नॅपसीड, संगणकावर गिंप किंवा डार्कटेबल, तिन्ही मोफत आहेत. क्रम असा ठेवा: आधी क्षितिज सरळ आणि कापणी, मग रंग. बल्बखालचा फोटो पिवळा असेल तर व्हाइट बॅलन्स निळ्याकडे सरकवा आणि अंदाजासाठी धोतर किंवा चुन्याची भिंत पाहा. त्यानंतर हायलाइट (उजळ भाग) थोडे खाली, सावल्या थोड्या वर. मग दाणे कमी करा, पण चेहरा मेणाचा दिसायच्या आत थांबा. शार्पनिंग (कडा ठळक करणं) सर्वात शेवटी. रंगांचा सॅच्युरेशन तर फार जपून वाढवा; संत्री भडक होतात ते एकवेळ चालेल, पण माणसंही त्याच रंगाची होतात.

प्रिंटसाठी मेगापिक्सेलची चिंता नको. ४×६ इंचाच्या चांगल्या प्रिंटला १२००×१८०० पिक्सेल, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल लागतात. फोटो स्टुडिओला व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, साधा पाठवला तर आकुंचन पावतो. आणि लॅबवाल्याला ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा, नाहीतर इतक्या निगुतीने बसवलेला रंग त्याची मशीन परत बदलून ठेवते.