या चुका टाळा: इंटेलवर बरोबर, एआरएमवर चूक

“माझ्या लॅपटॉपवर तर बरोबर येतंय” हे ऐकून ऐकून आता वीट आलाय. संगणकाने दशांश आकड्यांचं (फ्लोटिंग पॉइंट) गणित कसं करायचं ते ठरवणारं आयईईई ७५४ हे मानक १९८५ पासून आहे. त्यामुळे सुटी बेरीज, सुटा गुणाकार, वर्गमूळ इंटेल आणि एआरएम या दोन्ही प्रोसेसरांवर सारखंच येतं. घोळ होतो तो कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) तुमच्या सूत्राचं काय करतो तिथे.

आमच्याकडे उतार मोजणारं यंत्र होतं. उताराची लांबी ल, पाया प, उंची म्हणजे ल×ल − प×प चं वर्गमूळ. जमीन सपाट असली की ल आणि प सारखे, उंची शून्य. इंटेलवर सगळ्या टेस्ट पास. एआरएमच्या बोर्डावर मात्र सपाट फरशीवरही अलार्म वाजायचा. लॉगमध्ये उंची ० मिलिमीटर! डीबग बिल्ड केलं (म्हणजे कोड वेगवान करणारं ऑप्टिमायझेशन बंद केलं) की अलार्म गप्प. दोन रात्री त्यात गेल्या.

शेवटी उंची इंटिजर न करता छापली, तर ‘नॅन’ (नॉट अ नंबर, म्हणजे ‘हा आकडाच नाही’). ६४-बिट एआरएमवर गुणाकार आणि बेरीज-वजाबाकी एकदम करणारी एफएमए इन्स्ट्रक्शन असतेच, आणि ऑप्टिमायझेशन चालू असलं की जीसीसी हा कंपायलर ती न विचारता वापरतो. ती शेवटी एकदाच राउंड करते, म्हणून आमच्या कोडमध्ये पहिला गुणाकार अचूक राहिला, दुसरा राउंड झाला. दोन्ही ०.१ असतील तर वजाबाकी येते साधारण −८.३×१०⁻¹⁹. ऋण संख्येचं वर्गमूळ, म्हणून नॅन. ‘उंची मर्यादेत आहे का’ याला नॅनचं उत्तर कायम नाही, म्हणून अलार्म. नॅन इंटिजर केला की एआरएम ० देतो, म्हणून लॉग स्वच्छ. इंटेलवर तिथे −२१४७४८३६४८ दिसलं असतं आणि पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

तेव्हापासून मी (ल−प)×(ल+प) असंच लिहितो आणि इंटिजर करण्याआधी नॅन तपासतो. दोन्हीकडे तंतोतंत तेच उत्तर हवं असेल तर कॉन्ट्रॅक्शन (कंपायलरने गुणाकार-बेरीज एकत्र करून एफएमए वापरणं) बंद करतो.

नवी मुलं घाईत दोन आकडे जुळवताना सगळीकडे ‘एवढा फरक चालेल’ म्हणून ०.००००१ ची सूट चिकटवतात. ३२-बिट फ्लोटमध्ये १ कोटीजवळ शेजारच्या दोन आकड्यांतच पूर्ण १ चं अंतर असतं. तिथे ती सूट काय कामाची? आकडे केवढे आहेत ते आधी बघा, मग सूट ठरवा.

फास्ट-मॅथ (वेगासाठी गणिताचे नियम सैल करणारा कंपायलरचा पर्याय) लावून वर नॅन तपासू नका, कंपायलर ती तपासणीच उडवू शकतो. साइन-कोसाइनचा शेवटचा अंक लायब्ररीगणिक बदलतो, टेस्टमध्ये तो जुळवत बसू नका. आणि डबल (६४-बिट दशांश आकडा) फाइलमध्ये लिहिताना १७ सार्थ अंक द्या. सहा दशांशांवर तोडलेला आकडा वाचून “बोर्ड चुकतोय” म्हणत माझ्याकडे येऊ नका.