बेळगावचा प्रेक्षक कुठल्या रकान्यात? सिनेव्यापाराच्या बातमीतल्या या चुका टाळा

शुक्रवारी रात्रीचा खेळ सुटायच्या आतच बेळगावच्या निम्म्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘पहिल्याच दिवशी विक्रमी गल्ला’ येऊन पडलेला असतो. कुणी मोजला, कधी मोजला, पत्ता नाही. हल्ली खानापूर-निपाणीपासून प्रत्येक गावात सिनेमाचं पेज चालवणारा एक तरी पोरगा सापडतो. आवड असते, कॅमेराही बरा असतो. पण ट्रेडची, म्हणजे सिनेमाच्या धंद्याची, बातमी चाहत्यांसाठी लिहिलेली नसते. ती वाचून थिएटरवाला पुढच्या आठवड्याचा सिनेमा ठरवतो, कुणी ॲडव्हान्स भरतो. आकडा तुम्ही चुकवता आणि पैसे जातात त्याचे.

जिल्हा कर्नाटकात, म्हणून गल्लाही कर्नाटकात?

ही चूक बघून बघून मी कंटाळलोय. हिंदी सिनेमाचं वितरण राज्यांच्या नकाशावर चालत नाही, सर्किटवर चालतं, म्हणजे वितरकांनी पाडलेल्या विभागांवर. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवारचा पट्टा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, पण वितरकांच्या वह्यांत तो होता तिथेच राहिला. आजही मुंबई सर्किटमध्ये मुंबई, पश्चिम महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्याबरोबर आपण येतो. बिदर-गुलबर्गा निजाम सर्किटमध्ये. गल्ल्याच्या सर्किटवार यादीत ‘म्हैसूर’ लिहिलेलं असतं ते म्हणजे बंगळूर, म्हैसूर आणि आसपासचा दक्षिणेकडचा भाग.

मागे एक ऐतिहासिक विषयावरचा हिंदी सिनेमा आला होता. बेळगावात रविवारचे खेळ भरलेले, सोमवारी सकाळच्या खेळालाही बायकामुलं रांगेत. आमच्या एका होतकरू मित्राने कुठली तरी सर्किटवार यादी मिळवली, ‘म्हैसूर’समोरचा बारीक आकडा उचलला आणि ठोकून दिलं : ‘कर्नाटकाने पाठ फिरवली’. झालं. खाली मराठी-कानडी भांडण पेटलं. दोन्हीकडच्या शिव्या खाऊन पेज मात्र वाढलं. तिकडे तालुक्याच्या गावातला एक सिंगल स्क्रीनवाला दुसऱ्या आठवड्यात तोच सिनेमा लावणार होता. त्याने ते वाचलं, बिचकला आणि दुसरंच काहीतरी घेऊन बसला. त्या आठवड्यात त्याच्या पार्किंगमध्ये सायकलीसुद्धा मोजून होत्या. वितरकाच्या इकडच्या माणसाचा मला फोन : “तुमच्या गावात हे कोण लिहितंय?” पोराला विचारलं, तर तो म्हणतो, “सर, म्हैसूर म्हणजे कर्नाटकच की. सगळेच तसं लिहूलेत.”

सगळे लिहितात म्हणून तर मला हे लिहावं लागतंय. बेळगाव, निपाणी, खानापूरचा सगळा गल्ला त्याच यादीत होता, चार ओळी वर, ‘मुंबई’मध्ये मिसळलेला. माझी सवय अशी की सर्किटच्या आकड्यावरून आपल्या गावाबद्दल एक ओळसुद्धा लिहायची नाही. गावाचा आकडा गावातून घ्यायचा, थिएटरच्या डीसीआरवरून, म्हणजे रोजच्या कलेक्शनच्या कागदावरून. मॅनेजरपेक्षा बुकिंगवर बसणारा माणूस बरा. मॅनेजर हसून ‘मस्त चाललाय’ म्हणतो, बुकिंगवाला बाल्कनीची किती तिकिटं गेली ते सांगतो.

ग्रॉस, नेट, शेअर

तीन आकडे, तीन अर्थ. 300 खुर्च्या भरल्या आणि तिकीट करासकट 177 रुपये असेल, तर खेळाचं ग्रॉस 53,100. त्यातून मूळ 150 रुपयांवर लागलेला 18 टक्के जीएसटी वजा केला की नेट 45,000. वितरकाच्या हातात येतो तो शेअर, आणि तो आणखी वेगळा. सिंगल स्क्रीन ठरावीक भाड्यावर असेल तर आठवड्याच्या नेटमधून भाडं वजा जातं. समजा नेट 3 लाख आणि भाडं 1 लाख 20 हजार, तर शेअर 1 लाख 80 हजार. हेच नेट मल्टिप्लेक्सचं असतं तर निर्माते-वितरकांनी मल्टिप्लेक्सविरुद्ध केलेल्या 2009 च्या संपानंतर हिंदी सिनेमांसाठी ठरलेल्या हिशेबाने वितरकाला पहिल्या आठवड्यात निम्मं, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, आणि पुढे उतरत जातं.

तेव्हा त्या एकाच आठवड्याला निर्माता 3 लाख 54 हजार म्हणतो, ट्रेडवाला 3 लाख म्हणतो, वितरक 1 लाख 80 हजार म्हणून कुरकुरतो. तिघंही खरं बोलतात. घोटाळा करतो तो एका सिनेमाचं ग्रॉस आणि दुसऱ्याचं नेट शेजारी ठेवून ‘कोण जिंकलं’ असं विचारणारा. मी फोनवर आकडा ऐकला की आधी ‘ग्रॉस का नेट?’ विचारतो. समोरचा अडखळला तर तो आकडा छापत नाही. नवशिक्यांना एवढाही दम नसतो. दुसऱ्याने आधी टाकलं तर काय, ही भीती. टाकू दे.

टीआरपी

‘अमुक मराठी मालिका बेळगावात नंबर वन’ अशी बातमी दिसली की मी पुढे वाचत नाही. बार्क, म्हणजे टीव्हीचे प्रेक्षक मोजणारी संस्था, दर गुरुवारी आकडे देते, आणि मराठी मालिकांची जी यादी सगळीकडे फिरते तिचा बाजार महाराष्ट्र-गोवा असा असतो. बेळगावच्या टिळकवाडीत किंवा शहापुरात रात्री साडेआठला लागलेली मराठी मालिका त्या यादीत धरलेलीच नसते. इथल्या घरातला टीव्ही मोजलाच, तर कर्नाटकात मोजला जाणार. आपल्याकडे काय बघतात हे लिहायचंच असेल तर केबलवाल्याला विचारा, जाहिराती देणाऱ्या सराफाला विचारा, आणि ‘असं सांगतात’ म्हणून लिहा. टीआरपीचं नाव लावू नका.

बाकीच्या, थोडक्यात

जुने विक्रम रुपयांत मोजू नका, तिकिटांत मोजा. जुलै 2017 मध्ये जीएसटी येण्याआधी मराठी सिनेमाला महाराष्ट्रात करमणूक कर माफ होता, बेळगावात नव्हता. कोल्हापूर-बेळगावचे तेव्हाचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. तिकिटाच्या दरांचंही तसंच. सप्टेंबर 2025 मध्ये कर्नाटक सरकारने 200 रुपयांची मर्यादा घातली आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. दर कुठल्या तारखेचा, ते लिहीत चला.

ॲपवर करड्या दिसणाऱ्या सगळ्या खुर्च्या विकलेल्या नसतात. काही खिडकीसाठी राखलेल्या असतात.

एका खेळाच्या ‘हाऊसफुल्ल’ पाटीचा फोटो म्हणजे एका खेळाचीच बातमी.

ट्रेलरचे व्ह्यूज लिहा, पण ओपनिंगच्या, म्हणजे पहिल्या दिवसाच्या गल्ल्याच्या, परिच्छेदात नको.

सोमवारचा आकडा आल्याशिवाय मी ‘हिट’ लिहीत नाही. शनिवारी संध्याकाळी निकाल लावणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, एवढंच म्हणतो.

पीआरवाल्याने पाठवलेलं पोस्टर जसंच्या तसं टाकायचं असेल तर वर ‘जाहिरात’ लिहा. पैसे घेतले असतील तर नक्कीच, आणि प्रीमियरचा पास व बिर्याणी मिळाली असेल तरीही.

आणि थिएटरवाल्याला रात्री साडेबाराला फोन करू नका. शेवटचा खेळ सोडून, गल्ला मोजून, कुलूप लावून तो नुकता घरी पोचलेला असतो. सकाळी दहानंतर जा. चहा पाजा. कागद समोर ठेवतो तो.