सबमिशनची नव्हे, उजेडाची तारीख पाळा

नोकरी सांभाळून मी वर्षभराचा ऑनलाइन फोटोग्राफी कोर्स केला. दर दोन आठवड्यांनी एक असाइनमेंट असायची आणि रविवारी रात्री ११:५९ ला पोर्टल बंद व्हायचं. पहिल्या दोन्ही असाइनमेंट माझ्याकडून उशिरा गेल्या. मेहनत कमी पडली नव्हती, हिशेब चुकला होता. मी सबमिशनची तारीख धरून उलटं मोजत होते. लेखी निबंध शेवटच्या रात्री जागून पुरा करता येतो, पण खिडकीतून येणारं तिरपं ऊन रात्री अकरा वाजता कुठून आणणार?

दुसरी असाइनमेंट होती, एकच वस्तू तीन वेगवेगळ्या नैसर्गिक उजेडांत. मी ती शेवटच्या शनिवार-रविवारवर ठेवली आणि दोन्ही दिवस आभाळ भरलेलं राहिलं. ढगांतून झिरपणारा मऊ उजेड मिळाला, एक फोटो झाला. कडक ऊन आणि मावळतीचा सोनेरी उजेड काही मिळाला नाही. तेव्हापासून ब्रीफ, म्हणजे असाइनमेंटचा सूचनांचा कागद, हातात आलं की त्याच संध्याकाळी मी ते पेन घेऊन वाचते आणि माझ्या हातात नसलेल्या गोष्टींखाली रेघ मारते : ऊन, चंद्र, माणसं, एखाद्या जागेची परवानगी. कॅलेंडरवर आधी त्यांच्या तारखा लागतात. एडिटिंग, लेखन, अपलोड हे सगळं नंतर, उरलेल्या जागेत.

शूट पहिल्याच आठवड्यात. दुसऱ्या आठवड्याचे पहिले तीन दिवस फक्त रीशूटसाठी मोकळे. हा माझा सगळ्यात मोलाचा नियम आहे. फोकस चुकलाय, मागे नको ती तार आलीये, हे कॅमेऱ्याच्या इवल्याशा स्क्रीनवर कळत नाही. संगणकावर शंभर टक्के मोठं करून पाहिल्यावर कळतं. तेव्हा पुन्हा जायला दिवस शिल्लक असेल तर ती चूक शिकवून जाते, नसेल तर तीच सबमिट करावी लागते.

सोनेरी उजेडाच्या बाबतीत एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. सूर्य क्षितिजापासून साधारण ६ अंशांच्या आत असतो तेव्हाच तो मिळतो, आणि विषुववृत्ताच्या जितकं जवळ तितका तो लवकर सरतो. जागा शोधणं, ट्रायपॉड लावणं, फ्रेम ठरवणं त्या वेळात बसत नाही. मी आदल्या दिवशी त्याच वेळी रिकाम्या हाताने जाऊन उभी राहते आणि सावली कुठे पडते ते मोबाइलवर टिपून ठेवते.

चंद्र तर त्याहून कडक मास्तर. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या आसपास उगवतो, म्हणून त्या संध्याकाळी आणि आदल्या संध्याकाळी चंद्र आणि खालचा देखावा दोन्ही एका एक्स्पोजरमध्ये, म्हणजे एकाच क्लिकमध्ये नीट उजळून, बसतात. त्यानंतर चंद्रोदय रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकतो, देखावा काळोखात जातो. ती संधी हुकली की पुढची सुमारे साडेएकोणतीस दिवसांनी. दोन आठवड्यांच्या असाइनमेंटमध्ये दुसरी संधी नसतेच, म्हणून कोर्स सुरू होताना पूर्ण सत्राच्या पौर्णिमा-अमावस्या कॅलेंडरवर लिहून टाका. आकाशगंगेचा फोटो काढायचा असेल तर अमावस्येच्या आसपासच्या रात्री राखून ठेवा.

पोर्ट्रेटसाठी दोन माणसं लागत असतील तर तिघांना विचारा, आणि ‘कधीतरी ये’वर थांबू नका, वार आणि वेळ पक्की करा. एक जण रद्द करतोच, आणि त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. तो आपल्यावर उपकारच करत असतो.

आता टेबलावरचं काम. मी एका शूटमध्ये तीनशे फोटो काढत असे आणि निवडीतच दोन रात्री जात. आता पहिल्या फेरीत फक्त नाकारते : हललेले, मिटलेले डोळे, फसलेला फोकस. दुसऱ्या फेरीत उरलेल्यांतून वीस, आणि एक रात्र मध्ये जाऊ दिल्यावर त्यांतून हवे तेवढे. ती मधली रात्र वगळू नका. अंधाऱ्या खोलीत स्क्रीन झगझगीत ठेवून एडिट केलेला फोटो दुसऱ्याच्या स्क्रीनवर काळपट दिसतो, आणि ते सकाळीच लक्षात येतं. कोर्सने मागितलेला आकार आणि एसआरजीबी कलर स्पेस (बहुतेक स्क्रीन वापरतात ती रंगांची पद्धत) यांचा एक्स्पोर्ट प्रीसेट, म्हणजे फाइल बाहेर काढायची तयार सेटिंग, एकदाच बनवून ठेवा. फोटोसोबतचं दीडशे शब्दांचं टिपण शूटवरून परत येताना फोनवर बोलून रेकॉर्ड करा. चार दिवसांनी ‘हीच जागा का निवडली’ याचं खरं उत्तर आठवत नाही, मग मोठमोठे शब्द जुळवत बसावं लागतं.

अपलोडचं गणित आधी करा. माझ्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, साधारण ३० एमबीची (मेगाबाइट). बारा मूळ फाइल मागितल्या तर ३६० एमबी, आणि अपलोडचा वेग सेकंदाला २ मेगाबिट (आठ बिटांचा एक बाइट) असेल तर सगळं सुरळीत चालूनही २४ मिनिटं. शेवटच्या तासात पोर्टलवर सगळेच असतात. मी शुक्रवारी रात्री अपलोड करते आणि शनिवारी फाइल पुन्हा उघडून बघते, कारण अर्धवट चढलेली फाइलही कधीकधी यादीत पूर्ण दिसते. सबमिट होईपर्यंत मेमरी कार्ड फॉरमॅट करायचं नाही आणि फोटो किमान दोन ठिकाणी ठेवायचे.

कोर्स दुसऱ्या देशातला असेल तर ११:५९ कुठल्या घड्याळाचे ते पहिल्याच दिवशी बघा. अनेक देशांत वर्षातून दोनदा घड्याळ तासभर पुढे-मागे होतं, तेव्हा आपल्याकडची वेळही बदलते. कॅमेऱ्यातली तारीख-वेळही तपासा. काही शिक्षक फोटो त्याच काळात काढलाय का हे एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेरा फोटोच्या फाइलमध्येच नोंदवतो त्या माहितीत, पाहतात.

एवढं करूनही एखादी असाइनमेंट अडणारच. माझी सहावी आजारपणात अडली. मी डेडलाइनच्या दोन दिवस आधी शिक्षिकेला मेल केला, जेवढं झालं होतं त्याची कॉन्टॅक्ट शीट (सगळे फोटो छोट्या आकारात एका पानावर) जोडली आणि उरलेले फोटो कुठल्या संध्याकाळी काढणार ते लिहिलं. त्यांनी चार दिवस वाढवून दिले आणि त्याच कॉन्टॅक्ट शीटवर, मी नाकारलेल्या एका फ्रेमभोवती, लाल गोल करून पाठवला. अंतिम मालिकेत पहिला फोटो तोच लागला.