झिजलेला रुपया लखलखतोय? आधी तिरका धरून बघा

१९१८ सालचा पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया, चेहरा झिजलेला, तरी चकचकीत? तिथेच घासल्याची शंका घ्या. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चिंच नाहीतर राख लावून घासलेले असे रुपये घरोघरी निघतात.

१. खोलीत एकच बल्ब ठेवा. ट्यूबलाइटखाली नीट दिसत नाही. नाणं कडेला धरून हळूहळू तिरकं करा. चेहरा आणि अक्षरं यांच्यामधल्या सपाट जागेत एकाच दिशेने गेलेले केसासारखे बारीक ओरखडे दिसले, तर घासलंय असं समजा. हाताळून पडलेले ओरखडे कसेही, वेडेवाकडे असतात.

२. भिंगातून अक्षरांच्या कडा बघा. न घासलेल्या नाण्यावर करडेपणा हळूहळू फिका होत जातो. कडेला काळी रेघ आणि लगेच पांढरंशुभ्र, म्हणजे फडकं तेवढ्या खाचेत पोचलं नाही.

३. ओरखडे नाहीत, पण सगळं नाणं चुन्यासारखं एकसारखं पांढरं? बहुतेक चांदी साफ करायच्या द्रावणात बुडवलेलं.

आणि हो, नीट दिसावं म्हणून स्वतः रुमालाने पुसू नका. तेवढ्यानेही नवे ओरखडे पडतात.